आयसीयूत भारी अँटिबायोटिक काढून साधं लावलं, आता तेही बंद करणार म्हणतात. काय करावं?

माणदेशी

नमस्कार. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसून मोबाइलवर लिहितेय, मागचंपुढचं झालं तर सांभाळून घ्या.

आमचे अण्णा, वय ६६. शुगर आहे, गोळ्या चालू. गेल्या आठवड्यात थंडी वाजून ताप, उलट्या आणि डाव्या कुशीत दुखायला लागलं. दहिवडीच्या डॉक्टरांनी बीपी घेतलं तर वरचं ८० लागलं. ते म्हणाले, इथे वेळ घालवू नका, साताऱ्याला हलवा. इथे सोनोग्राफीत कळलं की डाव्या मूत्रनलिकेत खडा अडकलाय, वर किडनी फुगलीय आणि लघवीत पू आहे. सेप्टिक शॉक म्हणाले. बीपी वर ठेवायचं औषध पंपावर, श्वासासाठी व्हेंटिलेटर, आणि त्याच रात्री डीजे स्टेंट (लघवीची वाट मोकळी ठेवणारी आतली नळी) टाकला. मेरोपेनेम आणि टायकोप्लॅनिन अशी दोन इंजेक्शनं सुरू केली.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला: रक्तात आणि लघवीत दोन्हीकडे ई. कोलाय नावाचा जंतू. त्याच दिवशी टायकोप्लॅनिन बंद केलं आणि मेरोपेनेम काढून सेफ्ट्रिअॅक्सोन लावलं. हे तर आमच्या गावातल्या दवाखान्यातही देतात. भावाने मेडिकलमध्ये विचारलं, मेरोपेनेमच्या मानाने फारच स्वस्त. पाचव्या दिवशी घशातली नळी निघाली. आता अण्णा बोलतात, पेज घेतात. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) ३.१ होतं ते १.६ वर आलंय. आज सातवा दिवस, आणि सकाळच्या राऊंडला डॉक्टर म्हणाले की उद्यापासून अँटिबायोटिक थांबवू.

घरात सगळे घाबरलेत. एक तर काल संध्याकाळी ९९.६ ताप होता. दुसरं म्हणजे व्हेंटिलेटरवर असताना नळीतून कफ तपासायला पाठवला होता, त्यात असिनेटोबॅक्टर नावाचा जंतू निघालाय. रिपोर्टवर खाली सगळ्या औषधांपुढे आर, फक्त कोलिस्टीनपुढे आय. डॉक्टर म्हणतात त्याला काही द्यायची गरज नाही. माझा चुलतभाऊ औषध कंपनीत एमआर आहे, तो म्हणतो हा जंतू फार वाईट, कोलिस्टीन लावायला सांगा. मामा म्हणतात कोर्स अर्धवट सोडला तर जंतू माजतात, निदान १४ दिवस पाहिजेत.

आणि मनातलं लिहिते. अण्णांची केस महात्मा फुले योजनेत बसलीय. पॅकेजमध्ये परवडत नाही म्हणून तर भारी औषध काढलं नसेल ना? डॉक्टरांना हे तोंडावर कसं विचारायचं?


कासपठार

ताई, अजिबात बंद करू देऊ नका. आमच्या काकूंचं अपेंडिक्स फुटलं होतं. ऑपरेशन झालं, सात दिवस इंजेक्शनं देऊन घरी सोडलं. चार दिवसांत परत थंडीताप. सीटी केला तर पोटात पू साठलेला. पुन्हा ॲडमिट, नळी घालून पू काढला आणि मग बरेच दिवस अँटिबायोटिक चाललं. पहिल्यांदाच जास्त दिवस दिलं असतं तर ही वेळ आली नसती. तुम्ही लेखी मागा.


कृष्णाकाठ

माणदेशीताई, मी मिरजेत क्रिटिकल केअरची डॉक्टर आहे. अण्णांना मी तपासलेलं नाही, तेव्हा निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तरी वाटतं की अण्णांवर नीट विचार करून उपचार चाललेत. औषध वाढवलं की नातेवाईकांना बरं वाटतं, आणि वाढवल्याबद्दल डॉक्टरला कोणी जाब विचारत नाही. काढताना मात्र प्रत्येक जण विचारतो. तरीही तुमचे डॉक्टर वेळच्या वेळी काढताहेत. मला त्यांचं कौतुक वाटतं.

पहिल्या रात्रीचं बघू. अण्णा आले तेव्हा बीपी ८०, किडनीत पू, आणि जंतू कोणता ते कोणालाच माहीत नाही. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, दोन-तीन दिवस लागतात. शॉकमधल्या पेशंटला तेवढा वेळ नसतो. सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेनच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की सेप्टिक शॉक असेल तर पहिलं अँटिबायोटिक एका तासाच्या आत गेलं पाहिजे. मग आम्ही जंतूचा अंदाज बांधतो. आपल्याकडच्या लघवीच्या संसर्गातले बरेचसे ई. कोलाय सेफ्ट्रिअॅक्सोनला दाद देत नाहीत. अंदाज चुकला तर माणूस जातो, म्हणून सुरुवात मेरोपेनेमने. त्या वेळी क्रिएटिनिन ३.१ असलं तरी पहिला डोस पूर्णच द्यायचा असतो. किडनी बघून डोस कमी करायचा तो नंतर. टायकोप्लॅनिन मी बहुधा लावलं नसतं, कारण ते वेगळ्या जातीच्या जंतूंसाठी आहे आणि ई. कोलायवर त्याचा काही उपयोग नाही. पण त्या रात्री समोर काय दिसत होतं ते मला माहीत नाही, आणि रिपोर्ट आल्या दिवशी त्यांनी ते काढलंही. आयसीयूत असं दुसरं औषध कितीतरी वेळा विनाकारण रेंगाळत राहतं.

यात सगळ्यात मोठं काम केलं ते स्टेंटने, आणि घरचे त्याचं नावही घेत नाहीत. खड्याच्या मागे तुंबलेल्या पूपर्यंत कुठलंही अँटिबायोटिक धड पोचत नाही. वाट मोकळी करून दिली नसती तर जगातलं सगळ्यात महाग इंजेक्शनही हरलं असतं.

आता सेफ्ट्रिअॅक्सोन. अण्णांच्या ई. कोलायवर ते चालतं असं रिपोर्टने दाखवल्यावर त्या जंतूपुरतं ते मेरोपेनेमच्या तोडीचं आहे. किंमत आणि ताकद यांचा काही संबंध नाही. दिवसातून एकदाच द्यायचं आणि किडनीसाठी डोस बदलावा लागत नाही, त्यामुळे अण्णांना ते सोयीचंही आहे. मेरोपेनेम विनाकारण चालू ठेवण्यातला तोटा बाहेरून दिसत नाही. आतड्यात एरवी असंख्य निरुपद्रवी जंतू दाटीवाटीने राहतात आणि वाईटांना जागा मिळू देत नाहीत. मेरोपेनेम त्यांचा फार मोठा भाग साफ करतं. तुमच्याकडे रानात तणनाशक मारल्यावर लव्हाळा तेवढा उरतो आणि मोकळ्या रानात तोच पसरतो, तसं आतड्यात होतं. उरतात त्या मेरोपेनेमलाही न जुमानणाऱ्या क्लेब्सिएला, जुलाब लावणारा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल, कँडिडासारखी बुरशी. दहाव्या-बाराव्या दिवशी पेशंट पुन्हा तापला की यांतलं कोणीतरी वर आलेलं असतं, आणि तोवर हाताशी फारशी औषधं उरलेली नसतात. सेफ्ट्रिअॅक्सोनही निर्धोक नाही, पण त्याचा हा तडाखा लहान आहे.

योजनेबद्दल. तुमची शंका स्वाभाविक आहे, लाज वाटून घेऊ नका. पण क्रम बघा. पहिल्या रात्री, योजनेत नाव असताना, मेरोपेनेम दिलंच ना? ते काढलं कल्चर आल्यावर. पैशासाठी काढणारा रिपोर्टची वाट बघत बसत नाही. रोख भरणाऱ्या पेशंटलाही मी हाच बदल करते. खरं तर जिथे बिल मीटरसारखं चालतं तिथे मेरोपेनेम १४ दिवस चालू राहण्याचीच भीती जास्त.

सात दिवस पुरतात का? या प्रश्नाचं उत्तर आता आपल्याकडे चांगलं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बॅलन्स नावाच्या चाचणीचे निकाल आले. रक्तात जंतू सापडलेले ३,६०८ पेशंट, ७ देशांतली ७४ रुग्णालयं, निम्म्याहून जास्त पेशंट आयसीयूतले. अर्ध्यांना ७ दिवस अँटिबायोटिक, अर्ध्यांना १४. ९० दिवसांत मृत्यू ७ दिवसांच्या गटात १४.५ टक्के, १४ दिवसांच्या गटात १६.१ टक्के. म्हणजे आठवडाभर जास्त देऊन कोणाचा जीव वाचला नाही. रक्तात जंतू जाण्याचं सगळ्यात मोठं कारण त्यातही लघवीचा संसर्गच होतं, म्हणजे अण्णांसारखेच पेशंट. काही लोकांना मात्र हा निकाल लागू नाही, ते मुद्दाम वगळलेले होते: स्टॅफिलोकॉकस ऑरिअस हा जंतू असलेले, हृदयाच्या झडपेला संसर्ग झालेले, प्रतिकारशक्ती फारच ढासळलेले, आणि ज्यांचा पू काढलेलाच नाही असे.

कासपठार, तुमच्या काकूंचं झालं ते वाईट झालं. पण त्यांचा पू पोटातच होता. तो बाहेर आला तेव्हा त्या बऱ्या झाल्या. पहिल्या वेळी १४ दिवस दिले असते तर ताप चार दिवसांऐवजी अकरा दिवसांनी आला असता, आणि निदान आठवडाभर लांबलं असतं. अण्णांचा निचरा पहिल्याच रात्री झालाय.

मामांचं म्हणणं आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे, दवाखान्यांच्या भिंतींवरही लिहिलेलं असे. डॉक्टरांनी सांगितलेलं औषध मनाने सोडू नये हे खरंच. पण जास्त दिवस घेतलं की जंतू माजायचे टळतात, हे खरं नाही. जितके दिवस औषध अंगात, तितके दिवस आतड्यातल्या बाकीच्या जंतूंना ते पचवायला शिकायची संधी. टीबीचं वेगळं, तिथे महिनोन्‌महिने लागतातच.

९९.६ ला आम्ही ताप धरत नाही. आयसीयूत साधारण १०१ च्या वर गेलं की नवीन संसर्ग शोधायला लागतो. हातातल्या सलाइनच्या जागी शीर सुजली तरी कणकण येते. अण्णांचं प्रोकॅल्सिटोनिन (संसर्गाचा जोर दाखवणारी रक्ताची तपासणी) केलं असेल तर आकडे विचारा. सगळ्यात वरच्या आकड्यापासून ८० टक्के उतरलं असेल किंवा ०.५ च्या खाली आलं असेल तर थांबवायला आणखी एक आधार मिळतो. केलं नसेल तरी बिघडत नाही. बीपीचं औषध सुटलंय, माणूस पेज घेतोय, क्रिएटिनिन उतरतंय.

आणि असिनेटोबॅक्टर. इथे मात्र मी हात जोडून सांगते, कोलिस्टीनचा आग्रह धरू नका. घशात नळी असली की काही दिवसांत तिच्या आतल्या बाजूला आयसीयूतले जंतू बसतात. कफ तपासला की ते उगवतात. ते तिथे आहेत, एवढंच रिपोर्ट सांगतो. न्यूमोनिया झालाय का हे छातीच्या फोटोवरून, ऑक्सिजन किती लागतो यावरून, कफ किती आणि कसा येतो यावरून ठरतं. अण्णांची नळी निघाली आणि ते बोलताहेत. न्यूमोनिया असता तर बहुधा हे झालं नसतं.

कोलिस्टीन १९५० च्या सुमारास जपानमध्ये सापडलं, आणि किडनी खराब करतं म्हणून सत्तरच्या दशकात बाजूला पडलं. बाकीची औषधं चालेनाशी झाली तेव्हा नाइलाजाने आम्ही ते परत काढलं. जागतिक आरोग्य संघटनेने ते राखीव गटात ठेवलंय. २०१९ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात ते घालायला बंदी केली, तीही याचसाठी. ३.१ वरून १.६ वर आलेल्या किडनीवर ते गरज नसताना टाकणं म्हणजे अण्णांना डायलिसिसच्या वाटेला लावणं.

एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. १३ सप्टेंबर २०१७ या एकाच दिवशी ८८ देशांतल्या आयसीयूंची पाहणी झाली, १५,२०२ पेशंट. संसर्ग असलेले किंवा असल्याची शंका असलेले ५४ टक्के. अँटिबायोटिक चालू असलेले ७० टक्के. मधल्या सगळ्यांना चुकीचं मिळत होतं असं नाही, ऑपरेशनच्या आधी-नंतर प्रतिबंधक म्हणून देतात तेही यात आले. पण यातलं नेमकं कशासाठी चालू आहे, हे प्रत्येक पलंगापाशी रोज विचारलं गेलं पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना पत्र लिहून हेच सांगितलं, की अँटिबायोटिक लिहिताना कारण लिहा.

डॉक्टरांना असं विचारा: अँटिबायोटिक थांबवल्यावर तुम्ही कशावर लक्ष ठेवणार, आणि काय दिसलं तर पुन्हा सुरू करणार? चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही. योजनेचं मनात असेल तर तेही सरळ विचारा.


सातारारोड

मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. कृष्णाकाठ मॅडमनी लिहिलं ते मान्य. आमच्या बाजूचं थोडं सांगते, कारण नातेवाईकांना ते कोणी सांगत नाही.

अँटिबायोटिकचं अर्धं काम वेळेवर असतं. मेरोपेनेम दर आठ तासांनी, तेही आमच्याकडे पंपावर तीन तासांत हळूहळू सोडतो, कारण हे औषध रक्तात जितका वेळ टिकून राहील तितकं काम करतं. विरघळवलं की ते फार वेळ टिकत नाही, म्हणून दर डोसला ताजं बनवायचं. पहिला डोस कॅज्युअल्टीत झटपट जातो. चुकतो तो दुसरा. पेशंट कॅज्युअल्टीतून सीटीला, तिथून ऑपरेशन थिएटरात, मग आयसीयूत, आणि या फिरण्यात आठ तास कधी होऊन जातात कळत नाही. म्हणून पेशंट ताब्यात घेताना माझा पहिला प्रश्न असतो, शेवटचा डोस किती वाजता दिला?

ड्रग चार्टवर प्रत्येक अँटिबायोटिकच्या नावापुढे आम्ही डी-१, डी-२ (पहिला दिवस, दुसरा दिवस) असं लाल पेनने लिहितो. राऊंडला डी-५, डी-७ आलं की मी स्वतः विचारते, सर, हे पुढे चालू का? पूर्वी असं विचारायला भीती वाटायची. आता आमचे सर म्हणतात, तुम्ही विचारलंच पाहिजे.

ताई, अँटिबायोटिक वाढवण्यापेक्षा एक गोष्ट करा. अण्णांच्या मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असेल आणि बीपीचं औषध बंद झालं असेल, तर ती लाइन कधी काढणार ते विचारा. लघवीची नळी कधी निघणार ते विचारा. स्टेंटमुळे यूरॉलॉजिस्ट ती थोडे दिवस ठेवायला सांगू शकतात, पण विचारा. आयसीयूतला पुढचा संसर्ग बहुतेक वेळा अशाच एखाद्या नळीवाटे शिरतो. लाइनला इंजेक्शन जोडण्याआधी आम्ही तिचं तोंड स्पिरिटच्या स्वॅबने पंधरा सेकंद घासतो. रात्री तीन वाजता तीन पेशंटचे अलार्म वाजत असताना ते पंधरा सेकंद फार मोठे वाटतात, तरी घासायचे. तुम्ही भेटायला आत जाल तेव्हा दारातल्या बाटलीतलं सॅनिटायझर दोन्ही हातांना, बोटांच्या बेचक्यांतही लावा, आणि बाहेर येताना पुन्हा. लघवीची पिशवी उचलून पलंगावर ठेवू नका, ती खालीच लोंबती राहू द्या, फक्त जमिनीला टेकू देऊ नका.


अगारप्लेट

मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमधून लिहितोय. त्या आर आणि आय बद्दल. रिपोर्टवर एस म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतो, आर म्हणजे देत नाही, आय म्हणजे मधलं.

रक्ताची बाटली मशिनमध्ये ठेवली की जंतू वाढल्यावर मशिन इशारा देतं. ई. कोलाय भराभर वाढतो, कित्येकदा दुसऱ्या दिवशी सकाळीच बाटली लागलेली असते. मग आम्ही काच रंगवून बघतो आणि वॉर्डला फोन करतो. कोणतं औषध चालेल हे कळायला त्यापुढे आणखी एक-दोन दिवस. रक्तातला जंतू हा सहसा खरा शत्रू असतो, कारण रक्तात जंतू असायलाच नको. म्हणून अण्णांचा तो रिपोर्ट सोन्यासारखा आहे, आणि तो मिळाला कारण कोणीतरी पहिल्या इंजेक्शनच्या आधी रक्त घेतलं. प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिली, दोन वेगळ्या जागांहून. धावपळीत दोन मिली घालून पाठवलेल्या बाटल्या आमच्याकडे रोज येतात, जंतू असूनही सापडत नाही, आणि मग भारी औषध आंधळेपणाने दोन आठवडे चालतं. माझी सगळ्यात जास्त चिडचिड यावर होते.

कफाचं उलट. तिथे जंतू असणारच. आम्ही आधी काचेवर बघतो, पूच्या पेशी किती आणि तोंडातल्या सालीच्या पेशी किती. सालीच्या पेशी जास्त असतील तर ती लाळ आहे, कफ नव्हेच. मग किती दाट उगवला ते मोजतो. अण्णांच्या रिपोर्टवर पूच्या पेशी आणि वाढ याबद्दल एखादी ओळ असेल, ती डॉक्टरांकडून वाचून घ्या. 'अगदी थोडी वाढ' असं असेल तर विषय संपला.

कोलिस्टीनपुढचा आय बघून तुमच्या भावाला वाटलं असेल की एवढंच एक औषध थोडंफार चालतं. तसं नाही. ज्या अमेरिकन मानकांवर बहुतेक लॅब रिपोर्ट देतात त्यांनी २०२० पासून असिनेटोबॅक्टरसाठी कोलिस्टीनचा एस हा रकानाच काढून टाकलाय. आय किंवा आर, दोनच. कारण सहन होईल एवढ्या डोसमध्ये हे औषध पुरेसं काम करेल याची खात्री देता येत नाही. शिवाय या औषधाचा रेणू मोठा, तो प्लेटमधल्या अगारमध्ये (जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थरात) नीट पसरत नाही, त्यामुळे औषधाची चकती ठेवून केलेली चाचणी धरायची नसते. ती वेगळ्या पद्धतीने, द्रवात करावी लागते.


माणदेशी

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री हे सगळं भावाला आणि मामांना वाचून दाखवलं. सकाळी राऊंडच्या वेळी मीच बोलले.

डॉक्टरांनी पाच-सात मिनिटं उभं राहून सांगितलं. छातीचा फोटो मोबाइलवर दाखवला, फुप्फुसं स्वच्छ आहेत म्हणाले. कफाच्या रिपोर्टवर पूच्या पेशी तुरळक असं लिहिलेलं होतं, ते आम्ही कोणी वाचलंच नव्हतं. थांबवल्यावर ४८ तास इथेच ठेवणार, ताप १०१ वर गेला किंवा बीपी घसरलं तर आधी पुन्हा रक्ताचं कल्चर आणि सोनोग्राफी, मगच औषध. योजनेचंही विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, योजनेत असो नसो, उद्या मेरोपेनेम लागलं तर मीच लावेन. मानेतली लाइन आजच काढली.

आज अँटिबायोटिकशिवाय पहिला दिवस. संध्याकाळी ९८.८. अण्णांनी भाकरी मागितली, अजून देत नाहीत.

मामांचं अजून पूर्ण पटलेलं नाही. ते म्हणतात घरी गेल्यावर निदान पाच दिवस गोळ्या तरी देऊ. सिप्रोफ्लॉक्सॅसिनची स्ट्रिप घरात आहे, आईला मागे लघवीच्या जळजळीला दिली होती.


कृष्णाकाठ

अण्णांची बातमी वाचून फार बरं वाटलं.

मामांना सांगा, ती स्ट्रिप नको. एक तर रिपोर्टमध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे काय लिहिलंय ते बघा, आपल्याकडच्या ई. कोलायपुढे तिथे बहुधा आरच असतो. आणि दुसरं महत्त्वाचं. स्टेंट आत आहे तोवर अण्णांना लघवीला जळजळ होईल, सारखं जावंसं वाटेल, कुशीत ओढ बसेल, मोटारसायकलवर बसून आले की लघवी लालसर दिसेल. ही स्टेंटची लक्षणं आहेत. या वेळी कोणी लघवीचं कल्चर केलं तर जंतूही निघतील, कारण स्टेंटवर ते बसतातच. ताप नसेल तर त्यांना औषध द्यायचं नसतं. थंडी वाजून ताप आला, उलट्या झाल्या किंवा लघवी एकदम कमी झाली तर मात्र घरी काही न घेता सरळ हॉस्पिटल गाठा.

खडा अजून आतच आहे हे विसरू नका. तो काढायची दुर्बिणीची शस्त्रक्रिया होईल, बहुधा काही आठवड्यांनी. त्याच्या काही दिवस आधी लघवीचं कल्चर करतात आणि त्या रिपोर्टप्रमाणे अँटिबायोटिक देतात. तिथे ते खरोखर हवं असतं, कारण दुर्बीण घातल्यावर लघवीतले जंतू रक्तात जाऊ शकतात. आता घरी उगाच पाच दिवस गोळ्या घातल्या तर त्या वेळी गोळ्यांनी न मरणारा जंतू निघेल आणि पुन्हा मेरोपेनेमपाशी यावं लागेल.

डिस्चार्जच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: स्टेंट कोणत्या तारखेला टाकला, तो कधी काढायचा, आणि पहिल्या कल्चरची प्रत. बरं वाटलं म्हणून सुगीच्या गडबडीत स्टेंट काढायचा राहून जातो आणि वर्षा-दोन वर्षांनी त्यावर खड्यांचा थर चढलेला पेशंट किडनी गमावून येतो. तारीख अण्णांच्या भरवशावर ठेवू नका, तुमच्या मोबाइलमध्ये टाका.